ट्रॉलीचा एक्सल तुटला: वेल्डिंग मारून हंगाम काढावा का नवाच टाकावा?

मांजराकाठ

राम राम मंडळी. मी केज तालुक्यातला. एक ट्रॅक्टर अन् दोन चाकांच्या दोन ट्रॉल्या आहेत, सहा हंगाम झाले कारखान्याला ऊस वाहतोय. परवा रात्री भरून निघालो. डांबरीला लागून चार किलोमीटर झाले नसतील तेवढ्यात मागच्या ट्रॉलीचं डावं चाक हबासकट निघून शेजारच्या तुरीत गेलं. ट्रॉली त्या अंगाला बसली, पलटी झाली नाही. टोळीतले दोघं उसावर बसले होते, त्यांनी उड्या टाकल्या. खरचटण्यावर निभावलं.

एक्सल ७५ मिमीच्या चौकोनी बारचा आहे. चौकोन संपून गोल स्पिंडल, म्हणजे चाक बसतं ते टोक, सुरू होतं त्या खांद्यातच, आतल्या बेअरिंगच्या मागं तुटलाय. दोन्ही तुकड्यांचे फोटो टाकलेत. निम्म्याहून जास्त भाग तांबूस अन् गुळगुळीत दिसतो, उरलेला चमकतो अन् खरबरीत आहे.

गावातला वेल्डर म्हणतो तीन हजारात उद्या संध्याकाळपर्यंत जोडून देतो. अंबाजोगाईच्या दुकानात तयार एक्सल हब-बेअरिंगसकट बावीस हजार सांगितला. मेव्हणा म्हणतो भंगारातून ट्रकचा आणू. टोळीला उचल दिलेली आहे, माणसं फडात बसून आहेत, रोजचा खाडा अंगावर येतोय. ज्यांनी हे भोगलंय त्यांनी सांगा, काय करू?

बालाघाट_ड्रायव्हर

भाऊ, माणसं वाचली हे पहिलं. बाकी लोखंड आहे, जुळतंय.

आमच्याकडं आष्टीला दोन हंगामामागं असाच तुटला होता. दोन्ही तोंडांना व्ही काप मारून आतपासून भरून घेतला, वरून चारी अंगांनी पट्ट्या मारल्या. पूर्ण हंगाम गेला, अजून त्याच एक्सलवर खत वाहतो. तीन हजारात काम होत असताना बावीस कामून घालायचे? फक्त वेल्डर चांगला बघा.

लेथवाला_लातूर

मांजराकाठ दादा, फोटो मोठा करून पाहिला. हा एक्सल जोडू नका.

वीस वर्षं लेथवर आहे, एमआयडीसीत दुकान आहे. पहिल्या आठ-दहा वर्षांत मी पण असे एक्सल जोडून दिलेत. आता देत नाही, गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल. एकानं माझ्याकडून जोडून नेलेला एक्सल पुढच्याच महिन्यात तुटला, अन् तुटला तो माझ्या वेल्डिंगमध्ये नव्हे, वेल्डिंगच्या बोटभर बाजूला. वेल्डिंगचा टाका जसाच्या तसा शाबूत. तेव्हा मला कळलं की टाका मजबूत असणं आणि एक्सल मजबूत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कारण असं. चांगला एक्सल ईएन-८ जातीच्या लोखंडाचा असतो. त्यात कार्बन साधारण ०.३५ ते ०.४५ टक्के. आपण गेट, अँगल, पत्रा जोडतो त्या साध्या लोखंडात याच्या निम्म्याच्या आसपास. जास्त कार्बनचं लोखंड वेल्डिंगनं लाल होऊन झटकन गार झालं की टाक्याशेजारची पट्टी काचेसारखी कडक होते. कडक झालं ते ठिसूळही झालं. वरून ओलसर रॉड वापरला तर त्यातला हायड्रोजन आत शिरतो अन् काम झाल्यावर तासांनी, कधी दिवसांनी आतल्या आत चीर पडते. तुम्ही पैसे देऊन ट्रॉली घरी आणलेली असते तेव्हा ती पडलेली असते.

रीतसर करायचं तर बार आधी दोन-अडीचशे अंशांपर्यंत तापवायचा, ७०१८ रॉड भट्टीत वाळवून वापरायचा, अन् झाल्यावर राखेत नाहीतर चुन्यात पुरून रात्रभर सावकाश गार होऊ द्यायचं. गावातला वेल्डर हे करणार आहे का विचारा. अन् हे सगळं केलं तरी खांद्याच्या जागेला मी हात लावणार नाही, कारण सगळा भार तिथंच वाकतो.

बालाघाट_ड्रायव्हर

लेथवाले दादा, तुमचा अनुभव मोठा आहे, पण आमचा टिकला ते खोटं आहे का? सगळ्यांनाच बावीस हजार निघत नाहीत हंगामाच्या तोंडावर.

लेथवाला_लातूर

खोटं कसं म्हणीन भाऊ. तुमचा कुठं तुटला होता? मधोमध का खांद्यात?

बालाघाट_ड्रायव्हर

मधी. स्प्रिंगच्या बैठकीच्या आतल्या अंगाला.

लेथवाला_लातूर

मग त्यात फरक आहे. मधल्या चौकोनाला चारी बाजूंनी पट्ट्या मारायला जागा मिळते, म्हणून तो धकला. खांद्याला पट्टी मारणार कुठं? तिथं तर बेअरिंग बसतं. तरी माझं ऐका, त्या पट्ट्यांच्या टोकाशी दर महिन्याला बारीक बघत चला. चीर आली तर पट्टीच्या टोकातूनच येईल.

तंत्रनिकेतन_मास्तर

मी मेकॅनिकलच्या पोरांना शिकवतो, त्यामुळे या फोटोनं मला अगदी खिळवून ठेवलं. मांजराकाठ यांनी दोन रंग नेमके टिपलेत, आणि सगळी गोष्ट त्या दोन रंगांत आहे.

तांबूस गुळगुळीत भाग म्हणजे जुनी चीर. ती महिनोन् महिने, कदाचित गेल्या हंगामापासून, रोज थोडी थोडी आत सरकत होती. दोन्ही तोंडं एकमेकांवर घासून गुळगुळीत झाली आणि पाणी शिरून गंजली. नीट पुसून पाहिलंत तर त्यावर शिंपल्यावर असतात तशा कमानीसारख्या रेघा दिसतील. त्या जिथून फाकत निघालेल्या दिसतात तिथं चिरेचा जन्म झाला. खरबरीत चमकदार भाग, गुळाची ढेप फोडल्यावर दिसतो तसा, तो परवा रात्री एका झटक्यात तुटलेला. म्हणजे शेवटी तुमचे टनावारी ओझे निम्म्याहूनही कमी लोखंडावर चालले होते.

याला फटीग म्हणतात, थकवा. अनेक कारागीर असा तुकडा पाहून 'लोखंड आतून दाणेदार झालं' म्हणतात. हा समज फार जुना आहे. ८ मे १८४२ ला पॅरिसजवळ व्हर्सायच्या मार्गावर रेल्वे इंजिनाचा एक्सल मोडला, गाडी घसरून पेटली, पन्नासहून जास्त माणसं गेली. तेव्हाही पुष्कळ तज्ज्ञ हेच म्हणत होते की हादऱ्यांनी लोखंडाचे दाणे बदलतात. रँकिन नावाचा स्कॉटिश इंजिनिअर त्या वेळी जेमतेम एकवीस वर्षांचा होता. त्यानं मोडलेले एक्सल तपासून १८४३ मध्ये सांगितलं की दाणे वगैरे काही नाही, जाड भाग संपून बारीक सुरू होतो त्या काटकोनी कोपऱ्यात चीर जन्मते आणि हळूहळू आत जाते. उपायही त्यानंच सांगितला: कोपरा काटकोनी ठेवू नका, गोलाई द्या. पुढं जर्मनीत व्योलर यांनी वर्षानुवर्षं एक्सलवर चाचण्या करून दाखवलं की एका वेळी सहज पेलणारा भार लाखो वेळा पडला तर तोच तोडतो.

रेल्वेचा एक्सल चाकाबरोबर फिरतो, म्हणून दर फेऱ्याला त्याला उलटसुलट वाक बसतो. ट्रॉलीचा फिरत नाही, त्याला दर खड्ड्याला झटका बसतो. केज-धारूर भागात खड्डे किती ते मी सांगायला नको.

लेथवाले, तुम्हाला विचारतो, त्या खांद्याला गोलाई दिसते का फोटोत?

लेथवाला_लातूर

तेच लिहायला बसलो होतो मास्तर. नाही दिसत. कोपरा वस्तऱ्यासारखा काढलाय. टर्नरनं टोकदार टूल लावून खांदा झटक्यात काटकोनात उतरवला, पाच मिनिटं वाचवली. त्या पाच मिनिटांनी हा एक्सल खाल्ला.

काळीमाती

वाचून अंगावर काटा आला. आमच्या ट्रॉल्यांचे खांदे कधी पाहिलेच नाहीत. हब खोलतो, ग्रीस भरतो, लावून टाकतो.

जुना_टायरगाडीवाला

मी सत्तरीचा आहे, नातवाकडून लिहून घेतो.

आमच्या लहानपणी गाडीचा आस बाभळीचा असायचा. सुतार झाड बघूनच आस ठरवायचा, गाठ असलेलं लाकूड आसाला चालत नव्हतं. तुंबा अन् आस घासू नये म्हणून वंगणाची नळी गाडीला बांधलेली असायची. आस करकरला की वडील गाडी थांबवायचे, मग बाजार चुको नाहीतर लग्न. पुढं लोखंडी आस आले, मग कारखान्यानं टायरच्या गाड्या दिल्या. त्या गाडीवर मी अन् माझ्या घरच्यांनी बारा हंगाम ऊस वाहिला. आस दोनदा मोडला. दोन्ही वेळा आधी आवाज दिला होता अन् दोन्ही वेळा आम्ही खेप पुरी करू म्हणालो.

पोरा, तुझ्या ट्रॉलीनं आवाज दिला होता का?

मांजराकाठ

तात्या, खरं सांगतो. आठवडाभर डावं चाक जरा तिरकं वाटत होतं, टायर आतल्या बाजूनं जास्त झिजलेलं. ड्रायव्हर दोनदा बोलला. मी म्हणालो हंगाम संपल्यावर बघू.

शेतकरीण_वसमत

मांजराकाठ दादा, मी तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. पण एवढ्या वेळात सगळे लोखंडावर बोलले, म्हणून लिहिते.

माझं माहेर वडवणीकडचं. आई-वडील अन् दोघं भाऊ पंधरा हंगाम टोळीत गेले. रात्री भरलेल्या ट्रॉलीवर माणसं झोपतात हे तुम्हालाही माहीत आहे. दिवसभर तोडून, मोळ्या वाहून, भरून माणूस इतका मोडलेला असतो की उसावर अंग टाकलं की झोप लागते. माझा थोरला भाऊ अशाच ट्रॉलीवरून पडला. त्या ट्रॉलीचा एक्सल जोडलेला होता हे नंतर कळलं. भाऊ वाचला, पण कंबरेतून गेला. आज आठ वर्षं झाली, कोयता हातात धरता येत नाही. त्याची उचल मात्र घरच्यांनी पुढचे दोन हंगाम काम करून फेडली.

तुमचे दोघं उड्या मारून वाचले कारण ते जागे होते. बावीस हजाराचा हिशोब करताना हेही त्यात धरा. अन् नवा एक्सल टाकला तरी भरलेल्या ट्रॉलीवर कुणाला बसू देऊ नका. टोळीला मागून पिकअपनं न्या, खर्च होऊ द्या.

बालाघाट_ड्रायव्हर

ताई, वाचून गप्प झालो. माझं वरचं म्हणणं मागं घेतो. आमच्या ट्रॉलीवर पण माणसं बसतात.

परभणीचा_पक्या

भंगारातल्या ट्रकच्या एक्सलबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून सांगतो. मी असा घालून चार वर्षं चालवतोय. माल कंपनीचा असतो, लोखंड शंभर नंबरी. पण पारखून घ्यायला लागतो. तो ट्रक कशानं भंगारात गेला ते विचारायचं. अपघाताचा असेल तर हात लावायचा नाही. कुठं गॅसनं तापवून सरळ केल्याची निळसर-काळी झाक दिसली तरी नको. लाल होईपर्यंत तापवला की कारखान्यात दिलेलं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं अन् मग तो सरळ दिसला तरी मऊ पडलेला असतो.

चीर बघायची जुनी युक्ती आहे. खांदा वायर ब्रशनं चकचकीत करायचा, रॉकेल नाहीतर डिझेल लावून अर्धा-पाऊण तास मुरू द्यायचं, मग कोरड्या फडक्यानं पार पुसून वरून खडू घासायचा. चीर असेल तर आत गेलेलं तेल पाझरून पांढऱ्या खडूवर काळपट रेघ उमटते. पैसा लागत नाही.

तंत्रनिकेतन_मास्तर

पक्या, तुमची युक्ती अस्सल आहे. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये पूर्वी तेल आणि खडूची पूड लावून असेच एक्सल तपासत. आता अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहरींचं यंत्र, लावतात, म्हणजे आतली चीरही कळते. खडूनं फक्त पृष्ठभागावर उघडणारी चीर दिसते, पण एक्सलची बहुतेक बाहेरूनच सुरू होते, म्हणून काम भागतं. बाजारात लाल रंग आणि पांढऱ्या पावडरचे स्प्रेही मिळतात, ते जास्त बारीक चीर दाखवतात.

जीपवाला_किनवट

माझा प्रश्न थोडा बाजूला आहे. जुन्या जीपचा मागचा एक्सल शाफ्ट पिळल्यासारखा झालाय, दात्यांवर वळण दिसतंय. तो जोडून घेतला तर?

लेथवाला_लातूर

किनवटकर, तो तर मुळीच नाही. ट्रॉलीचा एक्सल नुसता भार झेलतो. गाडीचा मागचा शाफ्ट चाक फिरवण्याचा पिळही झेलतो. त्यातही दोन जाती. मोठ्या ट्रकला फुल फ्लोटिंग असतो: भार हाउसिंगवर, म्हणजे शाफ्टच्या बाहेरच्या नळीवर, शाफ्टला फक्त पीळ. तो तुटला तरी चाक जागेवर राहतं, शाफ्ट बाहेर ओढून नवा घालता येतो, चाकही काढायला लागत नाही. जीप-कारला बहुतेक सेमी फ्लोटिंग, तिथं चाक शाफ्टच्याच टोकावर असतं. शाफ्ट तुटला की चाक बाहेर येऊ शकतं. दाते पिळलेत म्हणजे शाफ्टनं हात टेकलेत. नवाच घ्या, अन् दाते मोजून, लांबी मापून घ्या. डावा-उजवा वेगळ्या लांबीचा असू शकतो.

जीपवाला_किनवट

नवाच घेतो दादा. माहूरच्या घाटात रोजचं जाणं आहे.

गोदावरी७७

मूळ प्रश्नाकडं येऊ. मी म्हणतो ७५ चा काढून ९० चा बार टाका, विषय संपला. अन् बार जालन्याहून आणा, स्टीलच्या एवढ्या मिल आहेत तिथं, स्वस्त पडेल.

लेथवाला_लातूर

गोदावरी भाऊ, दोन्हीत मेख आहे.

जालन्याच्या मिलमध्ये मुख्यतः बांधकामाच्या सळ्या निघतात. घराच्या स्लॅबला त्या उत्तम, पण ते एक्सलचं लोखंड नव्हे. एक्सलला ईएन-८ मागायचा, पावतीवर ग्रेड लिहून घ्यायचा, अन् टेस्ट सर्टिफिकेट मागायचं. दुकानदार देत नसेल तर दुसरं दुकान. ग्राइंडर टेकवून ठिणग्याही बघा: साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब अन् सरळ जातात, कार्बन जास्त असेल तर त्यांना फांद्या फुटून फुलबाजीसारख्या उडतात. शेजारी माहितीतला तुकडा ठेवून तुलना करा.

दुसरं, बार ९० चा घेतला अन् स्पिंडल जुन्याच मापाचं काढलं तर उपयोग काय? तुमचा तुटलाय स्पिंडलच्या मुळाशी. बारीक भाग तेवढाच राहिला, वर खांदा आणखी उंच झाला.

तंत्रनिकेतन_मास्तर

अगदी. आकडा मांडून दाखवतो. वाक पेलण्याची ताकद जाडीच्या घनाप्रमाणे वाढते. चौकोनी बार ७५ चा ९० केला तर जाडी २० टक्के वाढते, ताकद मात्र सुमारे ७३ टक्के. स्पिंडल ६० चं ७० केलं तर ताकद साधारण ५९ टक्के वाढते. म्हणून दोन्ही बरोबर वाढवायला हवं.

मांजराकाठ, तुमच्या आतल्या बेअरिंगवर नंबर काय आहे?

मांजराकाठ

३०२१२ वाचता येतोय. एक रोलर फुटलाय.

लेथवाला_लातूर

शेवटचे दोन आकडे गुणिले पाच म्हणजे आतलं भोक. १२ पाचे ६०. म्हणजे स्पिंडल ६० मिमी. दहा टनांच्या ट्रॉलीला हे तोकडं आहे. आत ३०२१४ घाला, ७० मिमी. हब मात्र बदलावा लागेल, जुन्यात हे बेअरिंग बसणार नाही.

खांद्याच्या गोलाईचं टर्नरला बजावून सांगा. गोलाई मोठी दिली की बेअरिंगची आतली रिंग खांद्याला नीट टेकत नाही, म्हणून काही जण गोलाईच मारून टाकतात. त्यावर इलाज सोपा आहे. मधे एक रिंग घालायची, तिचा आतला कोपरा गोलाईला जुळेल असा मारलेला. गोलाईही राहते, बेअरिंगही सपाट टेकतं. अन् तो भाग पॉलिश पेपरनं गुळगुळीत करून घ्या, टूलच्या खाचा राहू देऊ नका. चीर खाचेतूनच सुरू होते.

बेअरिंग घेताना खोक्यावर जाऊ नका. नामांकित कंपन्यांच्या नावाचा नकली माल भरपूर फिरतो. अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या पावतीवर घ्या. नंबर रिंगवर स्वच्छ कोरलेला असतो, नखानं खरवडून जात नाही.

काळीमाती

नट किती आवळायचा तेही सांगा दादा. आमच्याकडं दोघं जण पान्यावर लोंबकळतात.

लेथवाला_लातूर

त्यानंच बेअरिंग जळतात. चाक हातानं फिरवत फिरवत नट आवळायचा, चाक जड झालं की थांबायचं. मग फेऱ्याच्या सहाव्या हिश्श्याएवढा मागं घ्यायचा, म्हणजे षटकोनी नटाची एक बाजू, अन् जवळच्या भोकात स्प्लिट पिन. चाक मोकळं फिरलं पाहिजे, वर-खाली हलवलं तर खडखडलं नाही पाहिजे. पहिल्या खेपेला दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून हबाला हात लावा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर खोला.

गोदावरी७७

बार वाढवला म्हणून ओझं वाढवू नका एवढंच जोडतो. जास्तीच्या ओझ्याला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर वीस हजार दंड अन् वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार आहेत. शिवाय विमा थकून तुटलेल्या एक्सलचे पैसे देत नाही, अपघातानं झालेल्या नुकसानीचे देतो. मांजराकाठ, चाक निघाल्यावर ट्रॉलीचं बाकी जे मोडलं त्याचे फोटो काढून विमावाल्याला कळवा, सर्वेअर येईपर्यंत खोलू नका.

मांजराकाठ

चार दिवसांनी येतोय. सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं, ताईंचं रात्री बायकोला वाचून दाखवलं. तिनं सकाळी स्वतः पैसे काढून हातात दिले.

वेल्डरला नाही म्हणून सांगितलं. सर्वेअर येऊन गेल्यावर लातूरला लेथवाले दादांकडं गेलो. ९० चा ईएन-८ बार सहा फूट, वजनकाट्यावर ११६ किलो भरला. दादांनी हिशोब मांडून दाखवला की ९० च्या बारचं फुटाला १९ किलोच्या वर भरतं, म्हणजे माप खरं आहे. स्पिंडल ७० चं काढलं, खांद्याला गोलाई, मधे रिंग. मी तीन तास मशीनपाशी उभा होतो. हब, बेअरिंग, सील सगळं नवं. एकूण सव्वीस हजार आठशे. तोवर भाड्याची ट्रॉली लावून टोळीचं काम चालू ठेवलं. माणसं आता पिकअपनं मागून येतात, मुकादमाशी तसं ठरलंय.

तुटलेला तुकडा पुसून पाहिला मास्तर. शिंपल्यासारख्या रेघा आहेत, अन् त्या खालच्या कोपऱ्यातल्या एका खाचेतून निघाल्यात. दहावीतल्या पोराला दाखवल्या, त्यानं तुकडा शाळेत नेलाय.

आता खरी बातमी. पुढची ट्रॉली चांगली आहे म्हणून तिच्याकडं पाहिलं नव्हतं. काल पक्याभाऊंची रॉकेल अन् खडूची युक्ती तिच्यावर केली. उजवा खांदा स्वच्छ निघाला. डाव्याला पंधरा मिनिटांत रेघ उमटली, खालच्या अंगाला, दोन बोटं लांब. फोटो टाकलाय.

परभणीचा_पक्या

बाप रे. ती ट्रॉली आज हलवली का?

मांजराकाठ

नाही. अर्धी भरलेली होती, ऊस उतरवून घेतला. टोळीतले सगळे येऊन ती रेघ बघून गेले. परवा उडी मारलेल्यांपैकी एकानं तिच्यावरून बोट फिरवलं अन् काही न बोलता उसाकडं गेला.

लेथवाले दादा, दुसरा बार आहे का शिल्लक? उद्या सकाळी निघतो.

लेथवाला_लातूर

आहे, बाजूला काढून ठेवतो. आठलाच या, दुपारपर्यंत मोकळं करतो. अन् एक रिम सोबत टाका. मागच्या वेळेस नव्या हबाचे बोल्ट जुन्या रिमला घासत होते, ते यावेळी आधीच बघून घेऊ.